गोल्फची बॅग: बॉल कुठला घ्यायचा आणि सामान कसं टिकवायचं, वाचकांचे प्रश्न

या वेळी पत्रं जवळपास सगळीच सामानाबद्दलची आलीत. स्विंगबद्दल फारसं कोणी विचारलेलं नाही, पावसाळा तोंडावर आहे म्हणून असेल. तेव्हा हा अख्खा अंक बॉल, क्लब, ग्रिप, ग्लव्ह आणि बॅग यांचाच.

प्रश्न: गेल्या वर्षापासून खारघरला शिकतोय. स्कोअर अजून शंभरच्या खाली आलेला नाही. दुकानात गेलं की बॉलचे इतके प्रकार दिसतात की डोकं फिरतं. दुकानदार म्हणतो टूरवाले (व्यावसायिक खेळाडू) खेळतात तोच घ्या, मित्र म्हणतो कुठलाही घे, हरवणारच आहे. नेमका कुठला घेऊ? (नवशिका, नवी मुंबई)

उत्तर: दुकानदाराचं अर्धं बरोबर आहे आणि मित्राचंही अर्धंच. आधी हे लक्षात घ्या की नियमात बसणारा प्रत्येक बॉल 45.93 ग्रॅमपेक्षा जड नसतो आणि 42.67 मिलिमीटरपेक्षा लहान नसतो, शिवाय तो किती लांब जाऊ शकतो यावरही मर्यादा घातलेली आहे. त्यामुळे चांगल्या कंपनीचे दोन बॉल ड्रायव्हरने (सर्वात लांब मारायचा क्लब) मारले तर आपल्यासारख्यांच्या हातून लांबीत पडणारा फरक फार नसतो. डब्यावर 'एक्स्ट्रा डिस्टन्स' लिहिलंय म्हणून पैसे मोजू नका.

खरा फरक पडतो तो शेवटच्या शंभर यार्डांत, आणि तो येतो बाहेरच्या कव्हरमुळे. स्वस्त बॉलचं कव्हर आयोनोमरचं असतं, सरलिन म्हणतात ते. ते कडक असतं, झाडावर आपटलं, कार्ट पाथवर घासलं तरी सहसा काही होत नाही, पण ग्रीनवर (होलभोवतीचं बारीक कापलेलं गवत) पडल्यावर बॉल पुढे पळतो. महाग बॉलचं कव्हर युरेथेनचं, ते मऊ असतं, वेजच्या (जवळून बॉल उंच उचलायचा क्लब) खाचांत धरलं जातं, बॉलला उलटी फिरकी मिळते आणि तो एक-दोन टप्प्यांत थांबतो. आत थर किती, टू-पीस की थ्री-पीस की फोर-पीस, हा पुढचा भाग झाला. टू-पीस म्हणजे एक मोठा रबरी गाभा आणि वर कव्हर, बस. थ्री-पीसमध्ये मधे आणखी एक थर येतो, तो ड्रायव्हरला फिरकी कमी आणि वेजला जास्त मिळावी यासाठी असतो.

आता तुमचं. तुम्ही एका राऊंडला शंभरच्या वर फटके घेताय म्हणजे बॉल हरवत असणार, आणि बहुतेक स्लाइसही होत असेल (बॉल हवेत उजवीकडे वळत जाणं). फिरकी जास्त घेणारा बॉल उजवीकडेही जास्त वळतो, म्हणून आत्ता टू-पीस आयोनोमरच घ्या. कॅलवेचा सुपरसॉफ्ट, विल्सनचा ड्युओ, स्रिक्सनचा सॉफ्ट फील, या गटातला कुठलाही चालेल, किंमतही टूर बॉलच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून कमी पडते. पण मित्र म्हणतो तसं 'कुठलाही' नको, कारण आज एक, उद्या सापडलेला दुसरा, परवा कोणी दिलेला तिसरा असं खेळलात तर चिप (ग्रीनजवळून मारायचा छोटा फटका) मारल्यावर बॉल किती पळेल याचा अंदाज हाताला बसणारच नाही, आणि मग पुढे पळाला तो बॉलमुळे की तुमच्यामुळे हेही कळणार नाही. माझं ठाम मत आहे, नवशिक्याने बॉल साधा घ्यावा पण एकच घ्यावा आणि निदान एक मोसम तोच खेळावा.

निवडायचा कसा, तर डझन घेऊ नका. तीन बॉलची छोटी पेटी मिळते, स्लीव्ह म्हणतात. वेगवेगळ्या दोन-तीन स्लीव्ह आणा आणि प्रॅक्टिस ग्रीनवर जा, ड्रायव्हिंग रेंजवर नाही. वीस यार्डांवरून एकाच वेजने सगळे आलटून पालटून चिप करा, मग तेच लांब पट करा (पटरने ग्रीनवरून होलकडे घरंगळवा). कुठला तुमच्या मनासारखा थांबतोय आणि पटरला लागल्यावर कुठल्याचा आवाज बरा वाटतोय ते बघा. ग्रीनपासून सुरुवात करून मागे टीकडे (होलचा पहिला फटका मारायची जागा) जायचं, उलटं नाही. स्कोअर नव्वदच्या आसपास आला आणि ग्रीनवर बॉल थांबवायची गरज खरोखर भासायला लागली की मग युरेथेनचा विचार करा.

प्रश्न: मी पंचावन्न वर्षांची आहे, ह्यांच्याबरोबर पुण्यात खेळायला लागले. स्विंग हळू आहे. सगळे म्हणतात लेडीज बॉल घ्या. त्यात खरंच वेगळं काही असतं का?

उत्तर: ताई, स्विंगचा वेग बघून बॉल घ्यायचा, बाई-पुरुष बघून नाही. 'लेडीज' लिहिलेले बहुतेक बॉल म्हणजे कमी कॉम्प्रेशनचे, फिकट रंगातले टू-पीस बॉल. कॉम्प्रेशन म्हणजे फटका बसल्यावर बॉल किती सहज दबतो त्याचं माप. टूरचे बॉल नव्वद-शंभरच्या आसपास असतात आणि मऊ बॉल चाळीस-साठच्या. हळू स्विंगला मऊ बॉल हाताला छान लागतो, चांगला उचललाही जातो, म्हणून तो घ्यायला काहीच हरकत नाही. पण त्याने वीस यार्ड वाढतील अशी अपेक्षा ठेवू नका, तेवढं कुठलाच बॉल देत नाही. त्याऐवजी एक गोष्ट बघा, तुमच्या हातातले क्लब ह्यांचे जुने तर नाहीत? जड स्टीलचा, कडक शाफ्ट (क्लबचा दांडा) असेल तर तो बदलून हलका ग्रॅफाइटचा घेतल्यावर जो फरक पडेल तो बॉलने कधीच पडणार नाही. आधी पैसे तिथे घाला.

आणि पिवळा बॉल घ्यायला लाजू नका. संध्याकाळच्या उजेडात आणि पावसाळ्यातल्या गवतात तो पटकन दिसतो. बॉल शोधायला 2019 पासून तीनच मिनिटं मिळतात, आधी पाच मिळायची.

प्रश्न: आमच्या क्लबबाहेर तळ्यातून काढलेले बॉल पिशवीभर विकायला असतात. टूरचे महागडे बॉल पाव किमतीत मिळतात. घ्यावेत का? खराब आहेत हे ओळखायचं कसं? (नाशिक)

उत्तर: घ्या, पण बघून घ्या. झाडीत सापडलेला आणि तळ्यात सापडलेला यात फरक आहे. झाडीतला बहुतेक एक-दोन दिवसांतला असतो, तो पुसला की नवाच. तळ्यातला मात्र किती दिवस पाण्यात होता ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. कव्हरमधून हळूहळू ओल आत शिरते, महिनेच्या महिने चिखलात पडलेला बॉल मेलेला असतो, मारल्यावर जीव नसल्यासारखा वाटतो आणि लांबीही कमी देतो.

हातात घेऊन बघायच्या गोष्टी सांगतो. पांढरा रंग पिवळट किंवा करडा झालाय का, एकाच बाजूला डाग आहे का (तीच बाजू चिखलात होती समजा), चकाकी गेलीय का. आणि सर्वात महत्त्वाचं, बॉल पुन्हा रंगवलेला आहे का. रंगवलेल्या बॉलवर खळग्यांच्या कडा भरल्यासारख्या दिसतात, कंपनीचं नाव जरा जाड किंवा तिरकं उमटलेलं असतं, नखाने खरवडलं तर पापुद्रा निघतो. तो अजिबात घेऊ नका, कितीही स्वस्त असला तरी. बॉल उडतो तो त्या खळग्यांच्या जिवावर. खळग्यांमुळे बॉलला चिकटून जाणारी हवा जास्त वेळ चिकटून राहते, मागचा ओढणारा पोकळ पट्टा लहान होतो, गुळगुळीत बॉल तेवढ्याच फटक्यात जेमतेम निम्मा जातो. विल्यम टेलर नावाच्या इंग्रजाने खळग्यांचं पेटंट घेतलं ते 1905 साली, तेव्हापासून आजपर्यंत कंपन्या खळग्यांची खोली मिलिमीटरच्या बारीक अंशांत बदलत बसल्यात, आणि त्यावर कोणी ब्रशने रंग फासला तर काय उरणार?

घरी एक चाचणी करता येते, पोरांनाही आवडते. साध्या पाण्यात गोल्फ बॉल बुडतो. एक लिटर पाण्यात साधारण पाव किलो मीठ ढवळून पूर्ण विरघळवा, त्यात बॉल टाका, तो तरंगायला लागेल. आता वर आलेल्या टोकाला मार्करने ठिपका द्या आणि बोटाने बॉल गरकन फिरवा. थांबल्यावर दर वेळी तोच ठिपका वर येत असेल तर बॉलची एक बाजू जड आहे, असा बॉल पटिंगला सरळ जाईल याची खात्री नाही. दर वेळी वेगळीच बाजू वर आली तर बॉल समतोल आहे. नवे चांगले बॉल बहुतेक पास होतात, पण पिशवीतल्या बॉलांवर करून बघाच. नंतर बॉल गोड्या पाण्याने धुवा.

ज्या मुलांकडून तुम्ही बॉल घेता ती तळ्यात उतरून काढतात. तेव्हा घासाघीस जरा कमी करा आणि त्यांना खोल पाण्यात उतरायला लावू नका, एवढी विनंती.

प्रश्न: चेंबूरला खेळतो. दर पावसाळ्यात तेच, आयर्नवर (धातूच्या चपट्या डोक्याचे क्लब) गंजाचे ठिपके, ग्रिप बुळबुळीत, ग्लव्ह पापडासारखा कडक, बॅगेला कुबट वास. काय करायचं?

उत्तर: हा प्रश्न मुंबई-कोकणातल्या प्रत्येकाचा आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. सामान कोर्सवर भिजतं तेव्हा खराब होत नाही, खराब होतं ते घरी आल्यावर. राऊंड संपला, चहा-वडा झाला, बॅग डिकीत टाकली आणि पुढच्या रविवारी उघडली, त्या आठवड्यात जे व्हायचं ते होतं.

बॅगेचा तळ कधी बघितलाय का? क्लब उभे असतात तेव्हा डोकी वर आणि ग्रिप खाली. पावसात शाफ्टवरून ओघळलेलं सगळं पाणी तळाशी साचतं आणि ग्रिपांची टोकं त्या पाण्यात उभी असतात. ग्रिपच्या टोकाला एक बारीक भोक असतं, दिसेलही नीट बघितलं तर, तिथून ते पाणी स्टीलच्या शाफ्टच्या आत जातं आणि शाफ्ट आतून गंजतो. बाहेरून चकचकीत दिसणारा क्लब हलवल्यावर आत खरखर वाजली तर समजा आत गंजाचे कण सुटलेत (कधी कधी तो सुटलेला गोंदाचा तुकडाही असतो). म्हणून घरी आल्याबरोबर सगळे क्लब बाहेर काढायचे, बॅग उलटी करून पाणी काढायचं, सगळ्या चेन उघड्या ठेवून पंख्याखाली आडवी टाकायची. हेडकव्हर काढूनच ठेवा, ओलं हेडकव्हर घालून ठेवणं हे हेडकव्हर नसण्यापेक्षा वाईट. आयर्नची रबरी टोप्यांसारखी कव्हरं तर पावसाळ्यात वापरूच नका, आत ओल कोंडते.

क्लब धुताना कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, जुना टूथब्रश, बस. खाचांतली माती ब्रशने काढायची, तारेचा ब्रश लागलाच तर पितळी तारेचा, आणि तोही फक्त खाचांत. भांड्याची हिरवी घासणी क्रोमवर लावू नका, चरे पडतात आणि पुढचा गंज तिथेच धरतो. बादलीत क्लब बुडवून ठेवायचे नाहीत, डोकं शाफ्टला चिकटवलेलं असतं त्या जोडाला ते चांगलं नाही. ड्रायव्हर आणि वूड तर फक्त ओल्या फडक्याने पुसायचे. मग कोरड्या फडक्याने शाफ्टसकट पुसून रात्रभर बाहेर.

गंजाचं म्हणाल तर आधी तुमचा क्लब कुठला ते बघा. काही वेज मुद्दाम विनामुलाम्याचे बनवतात, रॉ म्हणतात, ते गंजणारच आणि त्याने खेळात काही बिघडत नाही. गंज नकोच असेल तर शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात फिरवा, पण खेळायच्या आधी पूर्ण पुसून टाका, क्लबच्या तोंडावर काही लावून खेळणं नियमात बसत नाही. क्रोमच्या आयर्नवर मात्र ठिपके दिसले तर मुलामा तिथे उडालेला आहे, वरवरचा गंज हलक्या हाताने काढा आणि तो भाग कोरडा ठेवा, उडालेला मुलामा घरी परत येत नाही.

ग्रिपवर आपल्या हाताचं तेल, घाम, सनस्क्रीन यांचा थर बसतो, बुळबुळीतपणा अर्धा त्याचाच असतो. आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्याने ब्रशने धुवा, टोकाचं भोक बोटाने दाबून धरा, पुसा आणि सावलीत वाळवा. पावसाळ्यापुरता विचार करत असाल तर कॉर्ड ग्रिप बघा, रबरात सुताचे धागे असतात, ओल्यातही पकड सुटत नाही, फक्त हात मऊ असतील तर सुरुवातीला खुपतात.

चामड्याचा ग्लव्ह उन्हात, गाडीच्या बॉनेटवर किंवा हेअर ड्रायरने वाळवू नका, तो पापड तिथेच होतो. हाताने सरळ करून, बोटं नीट ताणून घरात सावलीत सपाट ठेवा. दोन-तीन ग्लव्ह आलटून पालटून वापरले तर एकापाठोपाठ एक वापरण्यापेक्षा जास्त टिकतात. भर पावसासाठी मात्र रेन ग्लव्हची जोडी वेगळी घ्या, त्यांचं कापड ओलं झालं की उलट जास्त धरतं. बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी बदला, स्पाइकमधलं गवत त्याच दिवशी काढा, वाळलं की सिमेंट होतं. आणि कपाटात बॅगेच्या कप्प्यांत सिलिका जेलच्या पुड्या टाका, नव्या बुटांबरोबर येतात त्या फेकू नका.

खेळतानाचं एक राहिलं. छत्रीच्या आतल्या काडीला कोरडा टॉवेल अडकवा, बॅगेवर लटकवलेला पाच मिनिटांत भिजतो. आणि बॉलला चिखल लागला असेल तर स्थानिक नियमाने उचलून पुसायची परवानगी आहे का ते सुरू करायच्या आधी विचारून घ्या. नसेल तर साधारण हिशोब असा धरतात की चिखल डाव्या बाजूला असेल तर बॉल उजवीकडे जाईल आणि उजव्या बाजूला असेल तर डावीकडे. ग्रीनवर मात्र मार्कर ठेवून उचलून कधीही पुसता येतो.

प्रश्न: वडील सैन्यात होते, देवळालीला खेळायचे. ते गेल्यावर माळ्यावर त्यांची बॅग सापडली. लाकडी डोक्याचे तीन क्लब, आयर्न, आणि डबाभर बॉल. बॉल आजच्यापेक्षा लहान वाटतात. हे सगळं ठेवावं का, खेळता येईल का?

उत्तर: ठेवा, नक्की ठेवा. आणि बॉल लहान वाटतात हे तुमचं बरोबर आहे. ब्रिटिश नियमांखाली 1.62 इंचाचा बॉल चालायचा, अमेरिकेत 1.68 चा. ब्रिटिश ओपनमध्ये मोठा बॉल सक्तीचा झाला 1974 ला आणि लहान बॉल पूर्ण बंद झाला 1990 मध्ये. आपल्याकडे खेळ ब्रिटिशांबरोबर आला, कलकत्त्याचा क्लब तर 1829 चा, त्यामुळे जुन्या घरांत लहान बॉल सापडतात. तो आता स्पर्धेत चालणार नाही. तसंही त्या काळच्या बऱ्याच बॉलमध्ये आत रबराचा धागा ताणून गुंडाळलेला असायचा, इतक्या वर्षांत त्याचा ताण गेलेला असतो. मारू नका, कव्हर फुटेल. डब्यातच ठेवा, वरचा छाप वाचता येत असेल तर धुतानाही घासू नका.

लाकडी डोकी बहुतेक पर्सिमनची असणार. 1979 साली टेलरमेडने धातूचा ड्रायव्हर आणला आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत लाकूड गेलं. लाकडी ड्रायव्हरने मोठी स्पर्धा जिंकणारा शेवटचा म्हणून बर्नहार्ड लँगरचं नाव घेतात, 1993 चं मास्टर्स. तुमच्या क्लबना पाणी लावू नका. कोरड्या मऊ फडक्याने धूळ काढा, मानेपाशी काळा दोरा गुंडाळलेला दिसेल, तो सुटला असेल तर तसाच ठेवून जाणकाराकडून परत गुंडाळून घ्या, त्याच्याशिवाय मान तडकते. लाकडावर फर्निचरचं साधं मेण पातळ लावून चोळा. वरची पॉलिश काढून नवी लावायचा मोह टाळा, त्यावर वडिलांच्या खेळाच्या खुणा आहेत. भिंतीला टेकवून उभं करू नका, आडवं ठेवा, उन्हापासून आणि गच्चीखालच्या माळ्याच्या उष्णतेपासून लांब.

आयर्न मात्र खेळता येतील. चामड्याच्या किंवा कडक झालेल्या रबराच्या ग्रिप बदला आणि एकदा तरी सात नंबर घेऊन तुम्ही स्वतः जा. देवळालीला जाता आलं तर फारच छान.

प्रश्न: बॅग कायम गाडीच्या डिकीत असते. नागपूरचा उन्हाळा. चालतं का?

उत्तर: नाही. बाहेर 45 असताना बंद डिकीत त्याहून बरंच जास्त होतं, आणि डोकं-शाफ्टचा जोड ज्या इपॉक्सीवर असतो ती वारंवारच्या उष्णतेने सैल पडते. रेंजवर बॉलऐवजी क्लबचं डोकं उडालेलं मी पाहिलंय, समोर माणूस असता तर काय झालं असतं? ग्रिप कडक होतात, ग्लव्हचं चामडं जातं. बॉलला एखाद्या दिवसाने काही होत नाही पण महिनोन्‌महिने तिथे ठेवायचे नाहीत. बॅग घरात घ्या. तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नसेल तरी घ्या.

प्रश्न: मी मूळची कोल्हापूरची, सध्या स्कॉटलंडमध्ये. हिवाळ्यात इथे 4-5 डिग्रीला खेळतात. बॉल दगडासारखा लागतो आणि एक क्लब जास्त घ्यावा लागतो. बॉल गरम करून नेऊ का?

उत्तर: थंडीत दोन गोष्टी होतात, हवा दाट होते म्हणून बॉल अडतो, आणि रबराचा गाभा थंड झाल्यामुळे कमी उसळतो. शिवाय चार थर कपडे घालून आपला स्विंगही आखडतो. तेव्हा एक क्लब जास्त घेताय ते बरोबरच आहे. बॉल रात्री घरात ठेवा, गाडीत नको. पण मुद्दाम गरम केलेला बॉल मारायला नियमात बंदी आहे, स्पर्धेत तर थेट बाद करतात, त्यामुळे हँड वॉर्मरला चिकटवून ठेवणं वगैरे करू नका. हिवाळ्यापुरता जरा मऊ बॉल घ्या, हाताला तरी बरा लागेल.

उलट्या बाजूचं म्हणजे उंचीचं पण असतं, महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे, तिथे हवा विरळ, मुंबईत दीडशे यार्ड जाणारा आयर्न तिथे सहा-सात यार्ड पुढे पडू शकतो. सुट्टीत इकडे आलात तर लक्षात ठेवा.

प्रश्न: मुलगा आठ वर्षांचा, टीव्हीवर बघून वेडा झालाय. अनिर्बान लाहिरीचा जन्म पुण्याचा, उदयन माने पुण्याचाच, दोघं टोकियो ऑलिंपिकला खेळले हे त्याला पाठ आहे. ह्यांचे जुने क्लब कापून देऊ का? (एक आई, पुणे)

उत्तर: कापू नका. शाफ्ट कापला की तो आखूड होतो तसा कडकही होतो आणि डोकं तर मोठ्या माणसाचंच, जडच राहतं. मुलगा मग ते डोकं ओढत नेतो, अंग मागे टाकतो आणि ती सवय पुढे वर्षानुवर्षं जात नाही. मुलांच्या उंचीप्रमाणे हलके सेट मिळतात, पूर्ण सेटही नको, एक वूड, सात नंबर आयर्न, एक वेज, एक पटर पुरे. नवा महाग वाटला तर क्लबमध्ये विचारा, मुलं वाढतात त्यामुळे वापरलेले चांगले सेट फिरत असतात. बॉल मऊ टू-पीस, आणि पहिल्या दिवसापासून त्याच्या बॉलवर त्याची स्वतःची खूण मार्करने करायला शिकवा. बॉलवर छापलेला 1 ते 4 आकडा हा बॉलचा प्रकार नसतो, तो फक्त आपला बॉल ओळखायला असतो, आणि तोच आकडा समोरच्याकडेही असू शकतो.

प्रश्न: बॉल कार्ट पाथवर आपटून खरचटला. होल चालू असताना बदलता येतो का?

उत्तर: नुसता खरचटला असेल तर नाही. कापला गेला किंवा तडा गेला असेल आणि ते त्याच होलवर घडलं असेल तर बदलता येतो. बघण्यासाठी उचलायचा असेल तर आधी जागा मार्क करा आणि पुसू नका. होल संपल्यावर मात्र कुठल्याही कारणाने बदला.

प्रश्न: ग्रिप किती दिवसांनी बदलायच्या? घरी बदलता येतात का?

उत्तर: आठवड्यातून एकदा खेळणाऱ्याने वर्षाला एकदा, असा सर्वसाधारण हिशोब आहे, पण आपल्या उन्हा-घामात कॅलेंडरपेक्षा अंगठ्याची जागा बघा. डाव्या अंगठ्याखाली नक्षी गुळगुळीत होऊन चकाकायला लागली की ग्रिप संपली. मग आपण नकळत घट्ट धरतो, आणि घट्ट धरलं की मनगटं अडकतात.

घरी जमतं. जुनी ग्रिप आकडी पात्याच्या कटरने आपल्यापासून लांबच्या दिशेने उभी चिरा, ग्रॅफाइट शाफ्ट असेल तर फार जपून, पातं शाफ्टला लागता कामा नये. खालची जुनी टेप पूर्ण सोलून काढा, हाच सर्वात कंटाळवाणा भाग आहे. नवी दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावा. नव्या ग्रिपचं भोक टीने (बॉल ठेवायची खुंटी) बंद करून आत मिनरल टर्पेंटाइन ओता, हलवा, ते टेपवर ओता आणि ग्रिप एका दमात शेवटपर्यंत सरकवा. अर्ध्यात थांबलात की ती तिथेच बसते. लगेच खुणा सरळ करून घ्या आणि रात्रभर हात लावू नका. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ गॅस, उदबत्ती काही पेटतं नको, आणि टर्पेंटाइनऐवजी पेट्रोल तर मुळीच नको. पहिल्यांदा एखाद्या कमी लागणाऱ्या आयर्नवर करून बघा, ड्रायव्हर आणि पटर शेवटी.